दिवस न संपलेली सून

“त्या जमीनदारणीनं विधवा सुनेला जिवंत भिंतीत चिणून टाकलं.”

मामा सुपारी कातरता कातरता हे बोलले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ते जंगलखात्यात होते आणि वैनगंगेपलीकडच्या रानात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी पुढे भयकथांची चार पुस्तकं लिहिली. प्रत्येकात रानातलं एकटं घर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेली सासू आणि भिंतीआडून येणारा हुंदका. पाचवं लिहायला घेतलं आणि भिंतीपाशीच अडले. तिथली माती कोणत्या रंगाची, घराला दारं किती, मला काहीच ठाऊक नव्हतं. जमीनदाऱ्या नुकत्याच सरकारजमा झाल्या होत्या. घर पडायच्या आत एकदा पाहून यावं म्हणून मार्चमध्ये निघाले.

नागपूरहून छोटी गाडी नागभीडवरून चांद्याला जाते. वेळ फार लागतो, पण खिडकीतून पळस दिसतो, त्यामुळे तक्रार नाही. डबा घरूनच न्या. चांद्यात परकोटाच्या आत धर्मशाळा स्वच्छ आहे. वेशीजवळच्या खानावळीत भात, तुरीचं वरण आणि वर मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, एवढं पोटभर मिळतं. सकाळच्या बसनं गडचिरोलीला जायचं. वैनगंगेला पूल नाही. उन्हाळ्यात वाळूवर बांबूच्या तट्ट्या अंथरतात आणि त्यावरून बस अशी कण्हत जाते की सगळे प्रवासी आपणहून उतरून चालू लागतात. क्विनीन आणि मच्छरदाणी विसरू नका.

गडचिरोलीला मामांच्या वेळचा गाडीवान, डोमाभाऊ, रेंगी घेऊन उभा होता. रेंगी म्हणजे वर चटईचं छप्पर असलेली हलकी बैलगाडी. तिच्यातून पुढे दीड दिवसाची वाट. मोहाची फुलं पडत होती आणि रानभर गोड, आंबूस वास होता.

“बाई, वाघाले भेता का?” डोमाभाऊंनी विचारलं.

“भिते की.”

“मंग बोलत राहा. चूप माणसाले वाघ हरीण समजते.”

मी लगेच बोलू लागले. ज्या घरात सून चिणली तेच पाहायला आलेय, हेही सांगून टाकलं. डोमाभाऊंनी दुपट्टा तोंडावर धरला. खांदे हलत होते. “चाला,” ते म्हणाले, “पाहून घ्या.”

घर माझ्या कथांतल्यासारखं उंच नव्हतं. कौलारू, बैठं, मातीच्या जाड भिंतींचं, पुढे मोठं सारवलेलं अंगण. अंगणात चार-पाच बाया मोहफुलं पसरत होत्या. त्यांच्यातली एक, केस पांढरे झालेली, अंगानं भरलेली, पदर खोचून उभी राहिली. मी नमस्कार केला आणि जमेल तितक्या हळुवारपणे विचारलं, की ज्या घरातल्या सुनेला फार वर्षांपूर्वी भिंतीत... ते घर हेच का?

“चिनलं ते ना?” ती म्हणाली. “मीच होय ते. बस वो माय, पानी पे.”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला.

तिचं नाव मैनाबाई. आजूबाजूच्या सात गावांत भांडण झालं, वाटणी झाली, लग्न मोडलं, की माणसं तिच्या अंगणात येऊन बसतात. मी असेपर्यंतच दोनदा पाहिलं. मिशीवाले पुरुष उकिडवे बसून तिच्या तोंडाकडे बघत होते.

संध्याकाळी चहा घेताना तिनं स्वतःच सांगितलं.

“नवरा मेला तवा मी सतरा वर्साची. दीर म्हणे, आता वहिनी माही. आमच्यात तशी रीत आहे. मले तो नाई पाह्यजे होता. सासूले सांगतलं. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी हात धरलन अन् कुर्म्यात नेऊन बसवलन.”

कुर्मा म्हणजे गावाच्या कडेची झोपडी. या भागातल्या गोंड-माडिया बायका पाळीचे दिवस तिथे काढतात. पुरुष तिच्या जवळूनही जात नाहीत. तिच्याविषयी तोंडातून शब्द काढत नाहीत.

“पाच दिवस झाले. दीर इचारे, वहिनी कुठी? सासू म्हणे, तिचे दिवस नाई संपले. दहा दिवस झाले. नाई संपले. पानी लागला, धान निसवलं, नाईच संपले!” मैनाबाईंनी मांडीवर थाप मारली. “कोन्या बाप्याची हिंमत आहे खोदून इचाराची? दिवाळीले दिरानं दुसरीकडून बायको आनली. तवा माहे दिवस संपले.”

“आणि भिंत?”

“ते बाहेरच्यायनं बनवलं. सून दिसत नाई, घरात सुतक नाई, मंग चिनलीच असंन. सासूले कळलं तं म्हणे, राहू दे, भेव कामी येते.”

मी सुन्न झाले. चार पुस्तकं लिहूनही त्या किल्ल्या खोचलेल्या बाईच्या डोक्यात काय चाललं असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. खऱ्या सासूनं मरताना घराच्या किल्ल्या मुलाला न देता या सुनेलाच दिल्या, हेही मैनाबाईंनीच सांगितलं.

“तुह्या पुस्तकातल्या बाया काय करतात वो?” मैनाबाईंनी विचारलं.

“किंचाळतात,” मी खरं ते सांगितलं.

“अन् किंचाळून झाल्यावर?”



दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुर्मा पाहायला गेले. काल अंगणात बसून जी गोष्ट हसून ऐकली, तिची जागा ही. कमरेइतकं दार. कुडाच्या भिंती, खिडकी नाही, वर पळसाची पानं, जागोजागी आभाळ दिसणारं. आत खाट नाही, ओल लागलेली जमीन. इथे सतरा वर्षांच्या मुलीनं अख्खा पावसाळा काढला. भीतीच्या गोष्टी मी ज्या दिव्याखाली लिहिल्या तो दिवा मला आठवला, आणि त्याच्याशेजारची गादीही.

आत तिघी होत्या. दोघी निजलेल्या. तिसरी तेरा वर्षांची, सोमी. ती कोळशानं जमिनीवर त्रैराशिकाचं गणित मांडत होती. मला पाहून तिनं पायानं ते पुसलं.

“काय गं, अभ्यास?”

“परवा चौथीची परीक्षा होय. गडचिरोलीले.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “मास्तर म्हणे, शाळेतून माह्याच पहिला नंबर येईन.”

गावात शाळा येऊनच थोडी वर्षं झालीत, म्हणून चौथीतली मुलं अशी मोठी. सोमी त्याच दिराची नात. मैनाबाईंना आजी म्हणते.

“मग जाणार ना?”

“कशी जाऊ? कालच बसली मी इथी.” तिचे ओठ थरथरले. मी वाकून तिचे डोळे पुसले. मागे निजलेली बाई ताडकन उठून बसली.

“आवो बाई! शिवलं तुमी! आता तुमीबी बाहेरच!”

आणि तसंच झालं. नाल्यावर डोक्यावरून अंघोळ करून येईपर्यंत मला अंगणातही पाय ठेवू दिला नाही. ओल्या केसांनीच मी मैनाबाईंसमोर उभी राहिले. रेंगी आहे, डोमाभाऊ आहेत, आजच निघालो तर मुलगी परीक्षेला पोचेल, असं मी म्हणाले. तुमच्या शब्दाबाहेर इथे कोणी नाही.

“म्हणूनच नाई,” त्या म्हणाल्या.

“पण तुम्हीच त्या झोपडीत...”

“हळू बोल.” त्या माझ्याजवळ सरकल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “आत तिघी आहेत ना? त्यातल्या एकीचे दिवस नाईत. तिचा नवरा कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारते. तीन वेळा घ्याले आला. मी सांगतलं, दिवस नाई संपले. तो तसाच वापस गेला. आता माही नात दिवस संपायच्या आधी उठून गेली, तं उद्या तो काय म्हनंन? मैनाबाईच्या पोरीले चालते, मंग माह्या बायकोले काऊन नाई?”

“आणि सोमी?”

“सोमी रडून राह्यली. मले दिसते.” त्यांनी मोहफुलांतला एक खडा उचलून दूर टाकला. “पुढल्या वर्षी देईन परीक्षा.”

“पुढच्या वर्षीही हेच दिवस आले तर?”

मैनाबाई मोहफुलांत पुढचा खडा शोधू लागल्या. मला राग आला होता, आणि त्या चुकीच्या आहेत असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. एवढं हादरल्यासारखं मला कुठल्याच स्मशानात, कुठल्याच पडक्या घरात झालेलं नाही.

निघताना विचारलं, हे सगळं लिहू का?

“लिही. गावाचं नाव नको टाकू. इथले बाप्ये वाचत नाईत, अन् वाचलं तरी कुर्म्याचं नाव तोंडातून काढनार नाईत.”

परतताना गडचिरोलीला परीक्षा सुटत होती. दप्तरं उडवत मुलं बाहेर येत होती. एका मास्तरांकडून मी प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि डोमाभाऊंच्या हाती सोमीसाठी पाठवली. त्रैराशिक आलं होतं. बसमध्ये बसल्यावर वाटलं, पाठवायला नको होती.

तुम्ही या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. मोह, पळस, नदीवरची ती वाट, सगळं पाहण्यासारखं आहे. फक्त कोणाच्या झोपडीला नुसती झोपडी म्हणून मोकळे होऊ नका; आत कोण कशासाठी बसलंय ते बाहेरून कळत नाही. नागपूरला आल्यापासून पाचवं पुस्तक तसंच पडलंय. पान उघडलं की ती जमिनीवरची, पायानं पुसलेली आकडेमोड दिसते, आणि तिच्या मागे अंग चोरून निजलेली ती दुसरी बाई.

मैनाबाई, हे ज्यात छापलंय तो मासिकाचा अंक डोमाभाऊंच्या हाती पाठवतेय. तुम्हांला तो सोमीच वाचून दाखवेल, म्हणून तिच्यासमोरच मागते. जूनमध्ये तिला माझ्याकडे पाठवा. इथे मुलींची शाळा जवळ आहे आणि माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. माझ्या घरात ती चार दिवस वेगळी बसणार नाही, हे लपवत नाही. तेवढ्यासाठीच तुम्ही नाही म्हणाल, हेही मला कळतं. तरी पाठवा.