ओटीपी माझ्याच फोनवर

बारामतीत कराची कामं करता करता मला एक खोड लागली होती. गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर काढायचा, की मोबाईल नंबर माझाच टाकायचा. अर्ध्या तालुक्याचे ओटीपी माझ्या खिशात वाजायचे आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? "आमाला काय कळतंय त्यातलं, वकील, तुमीच बघा," म्हणून लोक मोकळे. मी काही वकील नाही, पण आमच्याकडं कराचं काम करणारा तो वकीलच.

शेळगावच्या एका तात्यांचं जळोचीत ठिबकच्या पाइपांचं दुकान. ते त्यांनी रस्त्याच्या पलीकडं हलवलं, मला सांगितलंही. मी म्हटलं, "बदलू की पत्ता सावकाश." त्या सावकाशीत खात्याची नोटीस आली, पत्त्यावर दुकान सापडलं नाही, खुलासा करा. आली ती माझ्याच फोनवर. मी इंदापूरला भाचीच्या लग्नात वाढप्याचं काम करत होतो. ओटीपी, शुभेच्छा, वरातीचे व्हिडिओ, या गर्दीत मी ती बघितलीच नाही. मुदत संपली आणि तात्यांची नोंदणी रद्द झाली.

तीही ऐन उसाच्या लागणीत! पक्कं बिल फाडता येईना, कंपनी माल पाठवेना. दुकान बंद करून तात्या माझ्याकडं आले. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "साइटचा घोळ हाय, तात्या." आमच्या धंद्यात हे वाक्य खिशातल्या सुपारीसारखं कायम हाताशी असतं.

"मग तुमची काय चूक? सरकारी यंत्रच त्ये," तात्या म्हणाले आणि माझ्यासाठी आणलेली वांगी त्यांनी पिशवीतनं काढून टेबलावर ठेवली.

ती वांगी बघून माझी मलाच लाज वाटली. साइटनं बिचारीनं वेळेवर कळवलं होतं. सगळं सांगून टाकलं.

तात्या म्हणाले, "म्हंजी सरकार माज्याशी बोलत हुतं, आन् फोन तुमी धरून बसला हुता?"

नोंदणी परत चालू करायचा अर्ज त्यांच्यासमोरच भरला, नव्या जागेचे फोटो अन् वीजबिल जोडलं. पूर्वी अशा कामाला पुण्याला खेटे घालून चपला झिजायच्या. आता अधिकाऱ्यानं एक शंका विचारली, तीही पोर्टलवरच. तरी मंजुरी येईपर्यंत जळोचीवरून जाताना ते बंद शटर बघवत नव्हतं. अखेर नोंदणी चालू झाली, दुकान उघडलं. नोंदणीतला माझा मोबाईल नंबर काढून मी तात्यांचा टाकला.

पुढच्या महिन्यात रिटर्न भरताना त्यांना फोन लावला.

"तात्या, ओटीपी आला असेल, सांगा."

"आलाय की."

"मग सांगा ना!"

"आदी कशाचा हाय त्ये सांगा."

समोर फायलींचा ढीग. मी वैतागलो. "अहो, इतकी वर्षं कधी विचारलं नाही तुम्ही!"

"इतकी वर्सं तुमी तरी कुटं सांगितलंत?"

मी तात्यांची फाईल पहिल्या पानापासून उघडली आणि त्यांना समजावून सांगायला लागलो.