एकाच प्रोसेसरचे दोन आकडे

सिरुसेरीतल्या एका कंपनीची नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा दुपारी दोन वाजता होती, घरूनच द्यायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे परीक्षा माझी असली तरी चैन कोणालाच नव्हती. बाबा ओरगडमच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून आले होते आणि न झोपता माझ्या मागे खुर्ची ओढून बसले होते.

परीक्षेचा प्रोग्राम आधी लॅपटॉप तपासतो. प्रोसेसरचा वापर ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर आत घेत नाही. माझा लॅपटॉप जुना, दोघांनी वापरून सोडलेला. तपासणीत आकडा आला त्र्याण्णव. मी घाबरून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. तिथे सत्तेचाळीस.

चालू असलेलं सगळं बंद केलं. पुन्हा तपासलं. फरक तसाच.

"एकाच मशीनचे दोन आकडे कसे?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. म्हणून जास्त लागलं.

मी वर्गमित्राला फोन केला. आम्ही तमिळमध्येच बोलतो, 'अरे'च्या जागी 'डा'. विचारलं, यातला खोटा कोण?

"कोणीच नाही डा. परीक्षेवाला बघतो, प्रोसेसर किती वेळ कामात अडकलाय. टास्क मॅनेजर बघतो, त्याच्या पूर्ण ताकदीच्या मानाने किती काम होतंय. तिथेच वेग लिहिलेला असतो, वाच."

वेग निम्म्यावर आला होता.

"बघ! तुझा म्हातारा सारखा राबतोय, पण धापा टाकत. नव्या मशीनमध्ये हे दोन आकडे एवढे लांब जात नाहीत. जुनं मशीन तापलं की स्वतःच वेग कमी करतं. ठेवलायस कशावर?"

मी खाली पाहिलं. लॅपटॉप घरात आला तेव्हापासून आईने तो नुसत्या टेबलावर ठेवू दिला नव्हता. देवाच्या पाटावर घालतो तसलं मखमली आसन त्याच्याखाली असायचं. आज परीक्षा, म्हणून तिने दुहेरी घडी घातली होती, हळदकुंकूही लावलं होतं. हवा आत घेणारी भोकं नेमकी खालच्या बाजूला होती.

"मखमलीवर," मी हळूच म्हणालो.

"अय्यो! लग्न आहे का त्याचं? काढ आधी!" तो इतका मोठ्याने हसला की बाबांनाही ऐकू गेलं.

आईला सांगणं अवघड होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभीच होती.

"आजच्या दिवशी आसन काढतात का रे? तुझं मन नाही लागलं तर?"

"आई, त्याला खालून हवाच मिळत नाहीये. हात लावून बघ."

तिने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तिने स्वतःच आसन ओढून काढलं, कपाळाला लावलं, आणि चार वाट्या आणून टेबलावर पालथ्या घातल्या. त्यांवर लॅपटॉप ठेवून टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. आम्हाला मग घामच घाम.

मी सारखं तपासत होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "उगाच त्याला त्रास देऊ नकोस," आणि थोड्या वेळाने मी थांबलो. दोन वाजायला आले तेव्हा परीक्षेच्या तपासणीत एकाहत्तर होते, टास्क मॅनेजरमध्ये पन्नास.

"अजून जुळत नाहीत," बाबा म्हणाले.

"जुळणार नाहीत बाबा. वेग अजून पूर्ण आलेला नाही. पण आत घेईल."

"नक्की?"

मला नक्की म्हणता आलं नाही. "वाटतंय," म्हणालो आणि बटण दाबलं. त्याने आत घेतलं.

कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसलेलं चालत नाही, म्हणून बाबा खुर्ची उचलून बाहेर गेले. दाराखालच्या फटीतून त्यांच्या पावलांची सावली दिसत होती. मी पहिला प्रश्न वाचला. काहीच कळलं नाही. मग तोच पुन्हा वाचायला घेतला.