तेरावर थांबणं

बल्लारशाच्या रेल्वे क्वार्टरांत राहायला आले तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा मालगाडीवर गार्ड; एकदा गेला की दोन-दोन दिवस घरी नाही. माहेरी नागभीडकडे धानाच्या कामात दिवस कसा जाई ते कळायचं नाही, इथे दुपार संपता संपत नसे. शेजारी एक तेलुगू बाई राहायच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणे. पत्त्यांतला एकवीसचा खेळ त्यांनीच मला शिकवला.

खेळ सोपा. हातात दोन पत्ते, हवे तर आणखी मागायचे, बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. वर गेलात की जळालात. चित्रांचे दहा. वाटणारीचा एक पत्ता उघडा असतो आणि सतरा होईपर्यंत तिला पत्ते घ्यावेच लागतात. आम्ही चिंचोके लावून खेळायचो.

"माझा पाच नाईतर सहा दिसला, का तुमी तेरावर बी थांबा," अक्का सांगत. "जळायची पाळी माझ्यावर येऊ द्या."

नियम एका दिवसात पाठ झाला. पाळता मात्र येईना. तेरावर हात आवरून बसायचं म्हणजे मला न खेळताच हार मानल्यासारखं वाटे. त्यातून आधीचे दोन डाव गेलेले असले की डोकं तापे आणि मी दुप्पट चिंचोके लावून पत्ता मागे. राणी येई, मी जळे. अक्कांचा चेहरा मात्र जिंकल्यावर जसा, तसाच हरल्यावर. त्याचीच मला जास्त चीड येई.

शेवटी हट्टाला पेटले. सकाळी स्वयंपाक उरकला की बाजेवर एकटीच पत्ते मांडून दोन्ही बाजूंनी खेळायचे. असा आठवडा काढला आणि मग एका दुपारी एकही चूक न करता खेळले. थांबायचं तिथे थांबले, मागायचं तिथे मागितलं. चारच्या आत सगळे चिंचोके अक्कांपुढे!

"मी सगळं बरोबर खेळली," मी म्हटलं. "मंग हरली काऊन?"

"बरोबरच खेळल्या," अक्का पत्ते गोळा करत म्हणाल्या. "पत्त्यांले ते माहीत नाई ना, बाई."

मी तडक उठून घरी आले. दोन दिवस तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले ती रागातच, आणि वाट्याला आलेले सगळे चिंचोके पहिल्याच डावात लावले. माझे तेरा झाले. अक्कांचा सहा उघडा.

"द्या पत्ता."

"बाई, सहा दिसून राह्यला."

"द्या म्हटलं ना!"

आठ आला. एकवीस! अक्कांचे एकोणीसच झाले. मी टाळ्या पिटल्या. त्यांचा चेहरा मात्र पहिल्यांदाच पडलेला दिसला.

"हरून हरून शिकत होत्या," त्या म्हणाल्या. "आता हा आठ तुमच्या डोक्यातून निघायचा नाई."

तसंच झालं. पुढे महिनाभर मी तेरावर, चौदावर पत्ते मागत राहिले आणि जळत राहिले. चुकतंय हे हात पुढे करतानाच कळायचं, तरी तो मागे यायचा नाही.

मग अक्कांच्या नवऱ्याची बदली काझीपेठला झाली. त्यांचं सामान गाडीत चढेपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. राग खरं तर माझा माझ्यावरच होता, पण तो काढायला मला त्याच सापडल्या.