उत्तर येईपर्यंत

बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळीहून आत वळलं की माळाच्या कडेला आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच, एक पत्र्याचं चर्च आणि त्याच्या मागे कबरस्तान. जमीन लाल मुरमाची. एक कबर खणायची तर चार गडी घामाघूम होतात.

आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे एक रीत आहे. दुसरीकडे कुठे मी ती पाहिलेली नाही. उजाडायच्या सुमाराला सगळे कबरस्तानात जमतात. प्रत्येक घरातलं सगळ्यात लहान, बोलता येणारं लेकरू आपल्या माणसाच्या कबरीवर हात ठेवून विचारतं, "आज्जा, उठनार न्हवं?" मग मेलेल्याच्या वतीने त्या घरातलं सगळ्यात वडील माणूस उत्तर देतं, "व्हय, उठनार." तेवढं झालं की सगळे पुढच्या कबरीकडे सरकतात. उत्तर आल्याशिवाय कुणी पाय हलवायचा नाही, एवढा एकच नियम. शहरातून बदलून आलेले पाळक आधी नाक मुरडतात, शास्त्रात हे कुठे सांगितलंय म्हणून विचारतात. पुढच्या वर्षी तेही गपगुमान आमच्यात उभे राहतात.

मी लहान असताना शेजारच्या काकांचं सख्ख्या भावाशी बांधावरून भांडण होतं. भाऊ मेला, भांडण काही मेलं नाही. ईस्टरला त्यांच्या पुतणीने कबरीवर हात ठेवून विचारलं, तर काका मख्खासारखे गप्प. ऊन वर आलं, बायका चुलीच्या काळजीने चुळबुळ करायला लागल्या, पण हलणार कोण? शेवटी काका गुरगुरले, "व्हय, उठनार. उठू दे, मग बघतो त्याच्याकडं." सगळं कबरस्तान हसलं. आई तर तोंडाला पदर लावून घरापर्यंत हसत आली. ती अशी हसली की मला फार बरं वाटायचं.

पुढे तिचं हसणं गेलं, त्याची ही हकिकत.

माझा धाकटा भाऊ हैदराबादला टेम्पो चालवायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो तिथल्या एका दवाखान्यात वारला. आम्हाला जाता आलं नाही. प्रेतं ठेवायला जागा नव्हती तेव्हा, सगळ्यांबरोबर त्यालाही जाळलं. त्याच्या खोलीवरच्या मित्राने नंतर एक प्लास्टिकचा डबा आणून दिला. झाकणाला चिकटपट्टी लावलेली. आईने तो घेतला, उघडला नाही, तसाच नेऊन ज्वारीच्या कणगीमागे ठेवला.

आमच्यात जाळत नाहीत. बापाच्या बापापासून सगळे मातीत, पाय उगवतीकडे करून. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, हाडाला हाड जुळेल आणि सगळे उठून उगवतीकडे बघतील, असं आज्जीने आईला सांगितलं होतं आणि आईने आम्हाला. आईने ते जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. आता तिच्या पोराचं हाडच उरलं नव्हतं.

शेजारची धनगराची अक्का येऊन बसायची. तिचा जीव तुटायचा. एकदा म्हणाली, "कारंजा नदीला सोडून या की गं. लेकराला आसं डब्यात कामून ठिवलाव?"

"आमच्यात न्हाई तसं," आई म्हणाली.

"मग तुमच्यात काय करतेत?"

 आमच्यात राखेचं काहीच करत नाहीत, कारण आमच्यात राख होतच नाही.

पाळक, आमच्यात त्यांना अय्या म्हणतात, येऊन समजावून गेले. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेतून घडवणं काय अवघड आहे, असं म्हणाले. चांगला माणूस, मनापासून बोलत होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची आई कुटं हाय, अय्या?"

"बिदरच्या कबरस्तानात."

"मग तुमाला बोलायला काय जातंय."

मी हुमनाबादला शिलाईकाम करते. दुसऱ्यांची मापं घेता घेता तोंड आपोआप चालतं, म्हणून लोक मला फटकळ म्हणतात. तर सरळच सांगते. माझा विश्वास भावाबरोबर गेला. मी गीतं म्हणते, ती पाठ आहेत म्हणून. ईस्टरला लेकीला घेऊन गावी जायचे, ते आईसाठी. आमच्या घरातलं सगळ्यात लहान माझी लेकच. ती आजोबांच्या कबरीवर हात ठेवून विचारायची, पणजीच्या कबरीवर विचारायची, आई उत्तर द्यायची. मग आई आमच्या कबरींच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिथे नुसती तरवडाची झुडपं. भाऊ असता तर तिथे असता. पण कबर नाही तर विचारणार कुणाला? लेकीला कळायचं नाही, ती माझ्याकडे बघायची. आई थोडा वेळ थांबायची आणि पदर सावरून निघायची. मला देवाचा असा राग यायचा की दातावर दात बसायचे.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. कलबुरगीच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हटलं. मी दुकान बंद ठेवून गावी येऊन राहिले. थंडीचे दिवस होते. आई बाजेवर, तिच्या हातापायांच्या नुसत्या काटक्या झालेल्या. एका दुपारी तिने मला तो डबा काढायला लावला.

"मला पुरताना ह्ये माज्या कुशीत ठिवा," ती म्हणाली. "माजी हाडं हायेत की समदी. मी उठले की त्याला घिऊन उठते."

मी डब्यावरची धूळ पुसत बसले.

"ह्या डब्यात नगं पर. टोचंल."

कुणाला टोचेल ते तिने सांगितलं नाही. मी तिच्या जुन्या हिरव्या लुगड्यातून कापड काढलं आणि हातानेच पिशवी शिवली. दुहेरी टीप घातली. डबा पहिल्यांदा तेव्हा उघडला. त्यात काय होतं ते मी लिहिणार नाही. पिशवीचं तोंड शिवताना सुई धडपणे चालेना, आयुष्यभर शिवणकाम केलेली मी. आई बाजेवरून बघत होती. म्हणाली, "बारीक घाल टाके." तीच पिशवी उशाशी घेऊन ती शेवटचे दिवस झोपली आणि नाताळच्या आधी गेली.

पेटीत मी पिशवी तिच्या डाव्या कुशीत ठेवली. पाळकांनी पाहिलं, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. तरवडाची झुडपं तोडून तिथेच तिला पुरलं, पाय उगवतीकडे करून.

त्यानंतरचा ईस्टर. माणसं आणखी कमी झालेली. पोरं पुण्याला, हैदराबादला, कितीतरी घरांना कुलपं. धनगराची अक्का कुंपणाशी येऊन उभी होती. आमची ओळ आली. आजोबा, पणजी, यांचं उत्तर मी देऊन टाकलं. आता घरातलं वडील माणूस मीच होते. जुन्या कबरी, जुनी सवय, जीभ अडली नाही.

मग लेकीने आईच्या कबरीवर हात ठेवला. माती अजून बसली नव्हती.

"आज्जी, उठनार न्हवं?"

मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. खोटं बोलायला मला काही वाटत नाही, गिऱ्हाइकांना रोज उद्या देते म्हणते. पण इथे येईना. लेक माझ्याकडे बघत होती. तिला काय सुचलं कोण जाणे, तिने हात जरा बाजूला सरकवला आणि विचारलं, "मामा, तू बी उठनार न्हवं?"

इतकी वर्षं आई इथे या प्रश्नासाठी उभी राहायची. मला रडू कोसळलं.

सूर्य वर आला. कुणी हललं नाही. बांधाचं भांडण करणारे ते काका आता काठीवर आले होते, ऐकूही कमी यायचं. त्यांचे पाय थरथरत होते. त्यांच्या सुनेने दगडावर बसा म्हणून खूण केली, तर त्यांनी मान हलवली. मला म्हणाले, "घे येळ, बाळे. आमी हाव हितं."

मला देव दिसला वगैरे नाही. ती म्हातारी माणसं उन्हात उभी दिसली, आणि माझं उत्तर येईपर्यंत ती तिथेच पडतील पण हलणार नाहीत हे मला कळलं.

"व्हय," मी म्हटलं. "उठनार. त्याला घिऊन उठनार."

काकांनी काठी उचलली, आणि सगळे पुढच्या कबरीकडे सरकले.