माळावर मारलेली हाक

माझा नवरा देवाने नेला असं मी सांगते तेव्हा लोक हळहळतात. मग मला सांगावं लागतं की तो जिवंत आहे. दूर एका मठात राहतो, पहाटे उठून पूजेची फुलं तोडतो आणि घरी फोन करत नाही. तो गेल्यापासून कपिलधारला महादेवाच्या दर्शनाला गेले तरी हात जोडले जात, मन जोडलं जात नसे. ज्याने आपलं घर मोडलं त्याच्याच पुढे नारळ फोडायचा, ही भक्ती म्हणावी की लाचारी, हे मला कळत नव्हतं.

मागे राहिलो मी, माझी सासू आणि त्याची जुनी मोटारसायकल. चांगली उंच, जाड खाचांच्या टायरची. डांबरी रस्त्यावर चालते तशीच दगडाधोंड्यांतूनही चालते. बी-बियाणं विकायला तो तिच्यावरून डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरायचा. आमची वस्ती पाटोद्यापासून आत, ओढ्यापलीकडे. एसटी तिथवर येत नाही, म्हणून मी गाडी चालवायला शिकले. "हिचं सामान आता मिळत न्हाई, भंगारात घाला," असं मिस्त्रीने सांगितल्यावर दुरुस्त करायलाही शिकले. ओसरीत पोतं अंथरायचं, मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि बसायचं. बीडच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच गाडीची क्लचची केबल आणून हिला जुळवून घेतली. टाकीतला गंज काढला. हे करताना मी नवऱ्याला मनात शिव्या देत असे, आणि खरं सांगायचं तर जप करताना कधी मिळाली नाही ती शांतता मला तेव्हाच मिळे.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांना हे मुळीच पटत नसे. "माझा लेक शिवाच्या पायाशी बसलाय, आन् तू कावून हात काळे करीत बसतीस? बाईमाणसाला शोभतंय का हे?" मी पाना जरा जोरात फिरवत असे.

त्या पावसाळ्यात गाडी सारखी बंद पडू लागली. एका दुपारी मी कार्बोरेटर खोलून त्याचे सुटे भाग परातीत धुवायला टाकले होते. आत्या गोठ्यामागे सरपण काढायला गेल्या आणि किंचाळल्या. मी धावले. हाताला नाग चावला होता. लाकडांत शिरताना मला दिसला. वस्तीवरची माणसं बाजाराला गेलेली. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ती निघालीही, पण ओढ्याच्या पुलावर पाणी चढल्यामुळे पलीकडेच अडकली. उरला तो ओढ्याला वरून वळसा घालून माळावरून जाणारा जुना बैलगाडीचा रस्ता. त्या रस्त्याने जाऊ शकेल अशी एकच गाडी होती, आणि ती परातीत पडलेली.

मी भाग जोडायला बसले. ओट्यावरून आत्या म्हणाल्या, "डोळ्यावर लई झापड येतीय गं." पेट्रोल सोडणारा बारकासा जेट बोटांतून निसटून पोत्यात हरवला, तो चाचपडत शोधला. मी महादेवाचा धावा केला नाही. त्याला शिव्या दिल्या, मोठ्याने, आत्यांच्या देखत. "लेक नेलास, आता आईला बी ने. सगळं घरच ने!" आत्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसल्या होत्या. भाग बसले, मी किक मारत राहिले आणि गाडी सुरू झाली. त्यात चमत्कार नव्हता. मी ती नीट साफ केली होती. एवढं मी ठामपणे सांगते, कारण पुढचं मला तसं सांगता येत नाही.

आत्यांना मागे बसवून लुगड्याने माझ्या कमरेशी बांधलं. माळावर चढलो तशी त्यांची मान लुळी पडली आणि त्या एका बाजूला कलंडू लागल्या. मी गाडी थांबवली. उतरले तर त्या पडणार, चालवली तरी पडणार. दूर एक बाई शेळ्या चारत होती. "ओ बाई!" एवढंच मला ओरडता आलं. ती धावत आली, आत्यांच्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, "कशानं?" मी म्हणाले, "सापानं." तिने काठी टाकली, त्यांच्या मागे चढून बसली आणि दोन्ही हातांनी त्यांना माझ्या पाठीशी आवळून धरलं. "चल," म्हणाली.

पाटोद्याच्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शनं मिळाली. मी बाहेर आले तोवर ती बाई निघून गेली होती.

बोलू लागल्यावर आत्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "माझ्या लेकाची पुण्याई. तिकडं त्याची पूजा चालू हाय, म्हणून मी इकडं वाचले." भेटायला आलेल्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या नखांत अजून वंगण होतं. मठात मी फोन केला होता, तिकडून कुणाच्या तरी तोंडी नवऱ्याचा उलट निरोप आला, "शिवाची इच्छा." त्या दिवशी माझ्या तोंडाची चवच गेली.

आत्या घरी आल्यावर मी त्या बाईला शोधत माळावर गेले. भेटली. ती दवाखान्यातून परत पोचेपर्यंत लांडग्याने दोन शेळ्या मारल्या होत्या, घरी तिला नको ते ऐकून घ्यावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आमची गाभण शेळी नेऊन तिच्यापुढे केली. तिने संकोच न करता दोरी हातात घेतली.

"शेळ्या सोडून कावून आलीस गं?" मी विचारलं.

"तू हाक मारलीस की. मग काय बघत उभं ऱ्हायाचं?"

"देवानंच धाडलं तुला."

"देवानं धाडलं असतं तर माझ्या शेळ्या बी राखल्या असत्या त्यानं," ती म्हणाली आणि शेळीला घेऊन चालू लागली.

त्यानंतरच्या सोमवारी मी कपिलधारला गेले. धबधबा भरून कोसळत होता. इतकी वर्षं मी तिथे एकच मागणं मागत आले होते, त्याला परत पाठव. त्या दिवशी ते ओठांवर येईना. मी म्हणाले, ठेव त्याला तुझ्याकडेच. दिला तुला. हे मी रागाने म्हणाले, भक्तीने नाही. पण म्हणून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं आणि मी तिथेच पायरीवर बसून पोटभर रडले. देवाला काही अर्पण करायचं तर ते गोड मनानेच करता येतं असं मला वाटत आलं होतं. कडू मनानेही करता येतं, आणि तो तेही ठेवून घेतो. मला आभार मानायचे होते. कुणाचे मानावेत ते ठरेना, म्हणून दोघांचे मानले. त्या बाईचे आधी.