बाप्तिस्म्याचा जामीनदार

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम: निरंक. हजर: फादर, माझी बायको आणि मी. जागा: यवतमाळच्या चर्चमागची फादरांची खोली.

बाप्तिस्म्याला खर्च किती येतो, असं मी विचारलं होतं. फादर म्हणाले, काहीच नाही. बायको जन्माने कॅथलिक. बावीस वर्षं मी तिच्यासोबत मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, शेवटच्या बाकावर बसत आलो आणि गेलं वर्षभर फादरांकडे शिकायला जात होतो. फुकट गोष्टीला अटी असतात, हे मला ठाऊक आहे. इथे एकच होती. सोबत एक माणूस हवा: मला ओळखणारा, माझा हेतू खरा आहे असं सर्वांसमोर सांगणारा, पुढेही माझ्याकडे लक्ष ठेवणारा. धर्मपिता किंवा धर्ममाता. बायको नको, फादर हसून म्हणाले, तिचं लक्ष आहेच.

आर्णीला परत येईपर्यंत माझा माणूस ठरला होता. माझ्या बांधाला बांध लागून शेत असलेला मित्र. ट्रॅक्टर, पाइपलाइन आणि मुलीचं शिक्षण, तिन्ही कर्जांना तोच जामीन राहिला, तिन्ही वेळा बँकेत ‘माणूस खरा आहे’ असं त्यानेच सांगितलं आणि तिन्ही कर्जं मुदतीत फिटली. याच्याहून लायक कोण? त्याने कशासाठी हेही नीट विचारलं नाही. लगेच हो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचे कपडे घालून, त्याच्या गाडीतून मला फादरांकडे घेऊन गेला. टेबलावर त्याने प्लास्टिकची फाइल ठेवली. आधारची झेरॉक्स, सातबारा, दोन फोटो आणि बँकेचं पासबुक. फादरांनी सातबारा शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी अदबीने विचारलं की बाप्तिस्म्याचा दाखला आणला आहे का.

“कोनाचा? माहा?”

फादरांनी समजावलं. उभा राहणारा स्वतः कॅथलिक हवा, त्याचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालेलं हवं आणि वय सोळा पूर्ण हवं. मित्र बावन्न वर्षांचा. तीनपैकी एक अट तू पूर्ण करतोस, असं मी त्याला म्हणालो. ते तेव्हा म्हणायला नको होतं.

परतीच्या वाटेवर तो समोर बघत म्हणाला, “बँकेले मी चालतो, अन् इथं नाही चालत. उद्या तू तिकडचा झाला, त मंग मी तुहा कोन?”

त्यानंतर अकरा दिवस तो सकाळच्या चहाला आला नाही. याआधीचा सर्वांत मोठा खंड सहा दिवसांचा, त्याला डेंग्यू झाला तेव्हाचा.

दरम्यान मी शोध चालू ठेवला. सासरची माणसं सोडली तर माझ्या ओळखीचे कॅथलिक एकूण सात. दोघं सोळाच्या खाली, दोघं नागपूरला गेलेले. एकाला मी मोटरसायकल विकली होती, ती महिन्यात बंद पडल्यापासून तो बोलत नाही. एक स्वतः फादर. उरल्या घाटंजीच्या निवृत्त मॅट्रनबाई, वय त्र्याहत्तर, बायको नर्स होती तेव्हाच्या तिच्या साहेब. त्यांनी फोनवर विचारलं की बाप्तिस्मा कशाला हवा. मी म्हणालो, आता मागच्या बाकावर बसवत नाही.

“बावीस वर्षांनी? इंजेक्शनलाही असंच लांबवत असाल.”

पण तयार झाल्या. गुडघे गेलेले, एसटीत चढता येत नाही, तेव्हा कुणीतरी गाडीने न्यावं आणि पन्नासच्या वर पळवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझ्याकडे फक्त दुचाकी. बाराव्या दिवशी मी मित्राच्या घरी गेलो. गाडीचं काम तर होतंच, पण मी आधी दुसरं सांगितलं. नियमाने उभ्या त्या राहतील, तिथे माझं काही चालत नाही. पण तू आला नाहीस तर मीही जाणार नाही.

तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. त्याची बायको दोनदा चहा विचारून गेली.

“त्या बाईले तरी मालूम हाये का, तू कसा हायेस थे?”

मी म्हणालो, नाही, त्यांनी मला दोनदाच पाहिलं आहे.

“मंग गाडीत सांगतो.”

ईस्टरनंतरच्या रविवारी सकाळी तो घाटंजीहून बाईंना घेऊन चर्चसमोर उतरला. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. बाईंनी मला खालून वर पाहिलं. म्हणाल्या, “चाळीस किलोमीटर तुमचंच पुराण ऐकलं. बरंचसं चांगलं आहे. बाकीचंही लक्षात ठेवलंय.”

विधीत धर्ममातेने उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा असतो. तो ठेवला, आणि हळूहळू बाईंचा सगळा भार त्यावर येऊ लागला. मी वाकायला लागलो. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून मित्र उठला आणि मागे उभं राहून त्याने बाईंचा कोपर धरला. फादरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पाणी ओतलं.

बाईंना घाटंजीला सोडून तो संध्याकाळी घरी आला. एकूण एकशे साठ किलोमीटर, लिटरला वीस, म्हणजे आठ लिटर. शेवटी दिलेली रक्कम: आठशे चाळीस रुपये, मित्राला, पेट्रोलपोटी. जामीन राहिलो असतो तर घेतले नसते, असं म्हणत त्याने ते दोनदा मोजून खिशात ठेवले.