मापाड्याचा ओटा

मुरबाडच्या जुन्या पेठेत कमळाकरकाकांसमोर "पेठ मेली" असं म्हणायची सोय नाही. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या घराच्या अगदी समोर, त्यामुळे मी जपूनच बोलतो. काका पेठेतले शेवटचे मापाडी. एके काळी इथे भाताच्या बैलगाड्या रांगेनं लागायच्या, घाटावरचे व्यापारी मुक्कामाला असायचे आणि काका दारात उकिडवे बसून पायलीनं भात मोजून द्यायचे. त्यांनी मोजलं की घेणारा आणि देणारा दोघंही गप्प. आता माल हायवेलाच उतरतो. पेठेत उरलेत ते नक्षीचे खांब आणि त्यांना टेकून मोबाइल बघणारे आम्ही.

काका मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या ओट्यावर बसून वाट बघतात. "रेल्वे येनार, पेठ परत उठनार!" हे मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. आता मला टक्कल पडलंय.

यंदा मात्र खरंच काहीतरी हललं. काकांची सून कुणाली आणि आसपासच्या गावांतल्या बारा बायकांनी आपल्या शेतातला तांदूळ स्वतःच विकायचं ठरवलं. बायकांना हायवेवरचा गाळा पसंत होता. कुणालीचा हट्ट, दुकान पेठेतच, काकांच्या घरातल्या खालच्या खोलीत. शेवटी ठरलं, दारापर्यंत टेम्पो आला तर पेठ, नाहीतर हायवे.

काकांनी छातीठोक सांगितलं, "अगो, दोन-दोन गाड्या जोडीनं जायच्या इथून. टेम्पोचं काय घेऊन बसलीस?"

सोमवारी टेम्पो आला आणि काकांच्या दाराअलीकडेच अडकला. काकांनी आधी ड्रायव्हरला झापलं, मग माझ्या दुकानाच्या पायरीला. तेव्हा माझं डोकं सणकलं. मी गळ्यातली टेप काढून रस्ता मोजला. माझी पायरी जागच्या जागी होती. काकांचा ओटा सव्वातीन फूट रस्त्यात आला होता! गाड्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा मोकळा रस्ता बघून त्यांनीच तो बांधला होता.

"जन्मभर लोकांचं मोजलंत काका, घरचं तेवढं राहिलं," मी बोलून गेलो. त्यांचा चेहरा उतरला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायची म्हाताऱ्याची तेवढीच तर जागा होती.

कुणाली हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा. आमी हायवेचा गाळा घेतो."

काका तडक आत गेले. रुसले, असं मला वाटलं. तर ते पहार घेऊन बाहेर आले! पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. चार घावांत धाप लागली, तेव्हा ड्रायव्हरनं पहार घेतली. मग मीही हात लावला. दुपारपर्यंत ओटा सपाट झाला आणि टेम्पो थेट दाराला लागला. बायका गोणी उतरवू लागल्या. पेठेतली निम्मी माणसं बघायला जमली होती. एवढी गर्दी मी इथे कधीच पाहिली नव्हती, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

काका मात्र उन्हात, विटांच्या ढिगाऱ्यात उभे. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, माझ्या पायरीवर येऊन बसा."

"तू बस रं," गोणीला हात लावत काका म्हणाले. "दारात माल आलाय. बसायला टाइम कुनाला हाय?"